पिंपळे सौदागरचे चार आकडे

चाळीस, साडेसतरा, चौदा आणि सात. भारतीय शेतीच्या अर्थशास्त्रावरची जुनी पुस्तके ज्यांनी चाळली आहेत, त्यांना हे चार आकडे कुठे ना कुठे भेटलेले असतात. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली, १८२० ते १८४० या काळात १४, आणि १९१४-१५ साली ७. इंग्रजी अमलात दख्खनचा कुणबी कसा धुळीला मिळाला याचा पुरावा म्हणून हे आकडे पिढ्यान्‌पिढ्या एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरले. उतरताना त्यांच्या मागचे कागद मात्र मागेच राहिले.

आकडे आले ते १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या पुस्तकातून. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेचे ते पहिले पुष्प. लेखक डॉ. हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. मुखपृष्ठावर त्यांच्या नावाबरोबर द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. अ. ताम्हणे ‘आणि इतर’ असा उल्लेख आहे. या नावांकडे जरा थांबून बघायला हवे. ही मंडळी समाजशास्त्रज्ञ नव्हती. सहस्रबुद्धे शेतकी रसायनशास्त्रातले. कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांत उमेदीची वर्षे घालवली आणि १९४४ साली त्यावर पुस्तक लिहिले. माती तपासणारे हात माणसांच्या संसाराचा हिशेब मांडायला बसले होते. म्हणूनच पुस्तक सुरू होते ते जमिनीचा उतार, मातीचे थर आणि विहिरींच्या पाण्यापासून. पिके आणि जनावरे होऊन गेल्यावरच माणसांची पाळी येते.

मॅन स्वतः कसे आले तेही सांगण्याजोगे आहे. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले आणि १९०७ साली पुण्यात रुजू झाले. त्याआधी इंग्लंडात सीबोम राउन्ट्री यांनी यॉर्क शहराची घरोघर पाहणी करून १९०१ साली दारिद्र्यावरचे आपले गाजलेले पुस्तक काढले होते. अंग चालते ठेवायला माणसाला किती अन्न लागते, त्याला किती पैसे पडतात, त्यावर कपडालत्ता आणि घरभाडे किती, अशी बेरीज करायची; कुटुंबाची मिळकत त्या रेषेच्या वर की खाली ते पाहायचे. मॅन यांनी ही रीत बेडफर्डशर परगण्यातल्या रिजमाँट या खेड्याला लावून पाहिली. शहरातली गरिबी दिसते, खेड्यातली दिसत नाही, आणि न दिसणारी कमी असते असे नाही, हे त्यांना तिथे आकड्यांत दिसले. रिजमाँटची सुमारे तिसरा हिस्सा वस्ती रेषेखाली निघाली. हीच मोजपट्टी घेऊन ते पवनेच्या काठी, पिंपळे सौदागरला आले. पुण्यातल्या अस्पृश्य जातींच्या जमाखर्चावर त्यांनी १९१२ साली लिहिलेला निबंध हा त्याच वाटेवरचा एक टप्पा.

आता चार आकड्यांकडे.

पहिली गोष्ट नुसती वर्षे वाचली तरी ध्यानात येते, आणि इतक्या लोकांनी हे आकडे वापरूनही ती क्वचितच कोणी बोलून दाखवली. चाळीसचे साडेसतरा झाले ते १७७१ आणि १८१८ या दोन सालांच्या मध्ये. म्हणजे थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांपासून दुसऱ्या बाजीरावाच्या पदच्युतीपर्यंत. सत्तेचाळीस वर्षांत सरासरी निम्म्याहूनही खाली आली आणि त्या सगळ्या काळात पुण्यावर भगवा होता. इंग्रजी अमलाच्या वाट्याला येते ती साडेसतरावरून ७ पर्यंतची घसरण, सुमारे शंभर वर्षांत झालेली. ज्या मालिकेचा सर्वांत उंच कडा पेशवाईत कोसळतो, ती मालिका कंपनी सरकारविरुद्धचा पुरावा म्हणून हजर करायची असेल तर वकिलाने तारखा झाकलेल्या बऱ्या.

पेशवाईत काय झाले असेल? घटनांची वाण नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला आणि त्यांच्या सैन्याने पुण्याभोवतीचा मुलूख लुटून फस्त केला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्यानंतर बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याचा सपाटा लावला. जास्त बोली लावणाऱ्याला वसुलीचा हक्क मिळायचा आणि तो बोलीची भरपाई रयतेकडून करायचा. अशा काळात मोठी खाती मोडली असतील, परागंदा झालेल्यांच्या जमिनी उपऱ्यांना तुकड्यातुकड्यांनी लावून दिल्या असतील, हे पटण्यासारखे आहे.

पटण्यासारखे आहे म्हणून मात्र ते घडले असे होत नाही. १७७१ सालचा एकरी आकडा मुळात एकरात नव्हता. मराठी अमदानीत जमीन मोजायची ती काठीने: पाच हात आणि पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. हात कोणाचा धरायचा हा प्रश्न सोडून देऊ. खरी अडचण निराळीच आहे. कित्येक गावांत बिघा हे निव्वळ क्षेत्रफळाचे माप उरलेले नव्हते. काळीचा बिघा लहान आणि माळाचा बिघा ऐसपैस धरायचा, म्हणजे दोन्हींवर सारखा धारा बसवता येई. कागदावरचा बिघा साऱ्याच्या हिशेबाचा असायचा. त्याचे एकर करताना किती ताणले आणि किती आवळले यावर पहिला आकडा अवलंबून आहे.

त्याहून मोठी अडचण नावांची. मराठी महसुली कागद हे जमिनीचे मालक कोण हे सांगायला लिहिलेले नाहीत. पैसा कोणाकडून यायचा हे सांगायला लिहिलेले आहेत. मिरासी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काची, जमीन एकेका घराण्याच्या नावाने चालायची. त्या घराण्याचे थळ असे, थळांच्या यादीत, म्हणजे थळझाड्यात, मूळ घराण्याचे नाव टिकून राहायचे, आणि आतले भाऊबंद आपापसांत वाटण्या करून वेगळी चूल मांडून राहत असले तरी साऱ्याला वडील शाखेचा पुरुष जबाबदार धरला जायचा. कुलकर्ण्याला त्याच्यापुरते एक नाव पुरे होते. चाळीस एकरांचा ‘एक खातेदार’ प्रत्यक्षात तीन सख्खे आणि दोन चुलत भाऊ असू शकतो. १८१८ नंतर कंपनीच्या माणसांनी त्याच गावाची कुळवार मोजणी केली तेव्हा तीच माणसे पाच नावांनी उभी राहिली असतील. मग चाळीसपासून साडेसतरापर्यंतची घसरण किती शेतात झाली आणि किती दप्तरात, हे त्या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

या काळासाठी बाजूचा एक साक्षीदार आहे, आणि तो चांगला आहे. डॉ. टॉमस कोट्स हे पुण्यातले कंपनीचे वैद्य. त्यांनी लोणी गावाचे, म्हणजे आजच्या नगर रस्त्यावरच्या लोणीकंदचे, बारकाईने वर्णन करून १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचले. सोसायटीच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ते १८२३ साली छापले गेले. घरे, भांडीकुंडी, औते, बैल, बलुते, लग्नाचा खर्च, सगळे त्यात आहे. कोट्स लिहितात की लोणीतल्या कुणब्यांच्या ८४ कुटुंबांपैकी पंधरा-सोळा सोडली तर बाकी सगळी कर्जात आहेत. सावकारी पाशाचा सगळा दोष पुढे दिवाणी न्यायालये आणि नोंदलेले रोखे यांच्यावर टाकण्यात आला. तो बव्हंशी योग्यही होता, कारण कर्जापायी जमीन हातची जाणे ही गोष्ट न्यायालयांनी सोपी केली. पण कर्ज आधीपासून होते. इंग्रजी अंमल बसून जेमतेम दोन वर्षे झाली असताना एका डॉक्टरने ते नोंदवून ठेवले आहे. पिंपळे सौदागरच्या पहिल्या दोन आकड्यांना जो आधार कागदातून मिळत नाही, तो थोडाफार लोणीतून मिळतो: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुणे प्रांतातला कुणबी सुखवस्तू नव्हता.

तिसऱ्या आकड्यानंतर कागदाची जातच बदलते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात सुरू केलेल्या पाहणीने मुंबई इलाख्याला सर्व्हे नंबर दिले. नंबराचा आकार ठरवताना एका बैलजोडीला किती जमीन वाहता येईल हे पाहिले जाई. हलक्या जमिनीत मोठा, भारी जमिनीत लहान. दगड रोवले, नकाशे झाले, आणि प्रत्येक नंबराला साऱ्यासाठी जबाबदार असा एक खातेदार नोंदला गेला. पुन्हा एक नाव! नंबराच्या पोटात भावाभावांनी बांध घातले तर सरकारला त्याचे सोयरसुतक नव्हते. पोटहिश्शांची, गहाणांची आणि आपसातल्या वाटण्यांची पद्धतशीर नोंद व्हायला लागली ती १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतर. सात-बारा आणि फेरफाराची आपल्या ओळखीची दुनिया इथून सुरू होते.

मॅनमंडळी गावात आली ती त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. म्हणजे पूर्वी जे कोणालाच दिसत नव्हते ते नुकतेच कागदावर उमटू लागले होते, आणि वर हे लोक स्वतः शेतात उभे राहून तुकडे मोजत होते. चौथा आकडा पहिल्या तिन्हींपेक्षा कितीतरी तीक्ष्ण नजरेने काढलेला आहे. एका टोकाला साऱ्यापुरते लिहिलेले नाव, दुसऱ्या टोकाला बांधावर मोजलेला तुकडा. त्या दोहोंमधून एकच रेघ ओढली की ती उतरती दिसणारच.

तरीही सगळी घसरण नजरेचा भ्रम म्हणून उडवून लावता येणार नाही. मॅन यांनी नुसत्या सरासरीवर भिस्त ठेवली नव्हती. इंग्रजी अमलाच्या आरंभी नऊ-दहा एकरांहून मोठी खाती सर्रास होती आणि दोन एकरांखालचे खाते जवळपास नव्हते, असे त्यांना जुन्या कागदांत आढळले. १९१४-१५ साली खात्यांची संख्या दुपटीहून वर गेली होती. शंभरातली ८१ खाती दहा एकरांच्या आत आणि ६० तर पाच एकरांच्याही आत होती. गावाचा एकूण रकबा १,०६५ एकर, खातेदार १५६. रकब्याला खातेदारांनी भागा, सातच्या आसपासच उत्तर येते. शेवटचा आकडा कोणालाही पडताळून पाहता येतो, हे त्याचे मोल.

त्या सात एकरांचे रूप मात्र सरासरीत कळत नाही. १५६ जणांमध्ये मिळून जमिनीचे सातशेवर तुकडे होते आणि त्यांतले ४६३ एका एकराहून लहान. वडिलांच्या चार ठिकाणच्या जमिनी तीन मुलांत वाटायच्या तर प्रत्येक ठिकाणचे तीन भाग पडतात, कारण मळईची जमीन एकाला आणि खडकाळ माळ दुसऱ्याला असे कोणी ऐकून घेत नाही. न्याय होतो आणि शेत जाते. दहा-पंधरा गुंठ्यांच्या पट्टीत नांगर वळवायलाच जागा पुरत नाही. दोन्ही अंगांना बांध, बांधाला हरळी. विहीर पाडायची तर ती कोणाच्या हिश्श्यात, आणि पाणी न्यायचे तर कोणाच्या पिकातून? राखण एकाच वेळी पाच ठिकाणी करता येत नाही. हे तुकडे म्हणजे मालमत्ता खरी, पण तिच्यावर औत नीट चालत नाही.

यानंतर पुस्तकाचा जो भाग येतो तो मला चारही आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्याची आठवण लोकांना सर्वांत कमी आहे. मॅन यांनी गावातल्या १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. जमिनीचे निव्वळ उत्पन्न एका बाजूला, बाहेरच्या मजुरीचे दुसऱ्या बाजूला, त्यातून कर्जाचा बोजा वजा, आणि समोर राउन्ट्रीच्या रीतीने ठरवलेली किमान गरज. कुटुंबे तीन गटांत पडली. निव्वळ जमिनीवर ज्यांचे नीट भागते अशी कुटुंबे निघाली ८. जमिनीला बाहेरच्या कमाईची जोड मिळाली म्हणून ज्यांचे भागते अशी २८. दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही अशी ६७. शंभरात पासष्ट.

बाहेरची कमाई म्हणजे मुख्यतः खडकी. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा, आणि गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे ज्या गावाला अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी दख्खनच्या खेड्याचा नमुना म्हणून मिरवले, त्यातली रेषेवर तगून राहिलेली बहुतेक कुटुंबे लष्करी कारखान्याच्या पगारावर तगून होती. पासष्ट टक्क्यांबद्दल मला एक शंका आहे. दरसाल इतक्या घरांत गरजेपेक्षा कमी येत असेल, तर एक तर कर्ज झपाट्याने फुगत गेले पाहिजे, नाहीतर माणसे मेली पाहिजेत. दोन्ही होत नसेल तर हिशेबात काही कमाई यायची राहिली असणार. घरचे दूध, ओढ्याकाठची भाजी, सरपण, परसातली कोंबडी, पै-पाहुण्यांची देवघेव या गोष्टी साहेबापुढे कोण मोजून सांगतो? पाहणी करणारा सरकारी कॉलेजातला असला की मिळकत थोडी कमी आणि देणे थोडे जास्त सांगण्याकडे माणसाचा कल असतो, हे कोणत्याही तलाठ्याला ठाऊक आहे. म्हणून ६७ ही संख्या मी सैलसर धरतो. ८ आणि २८ यांतले प्रमाण मात्र मला भक्कम वाटते, कारण कारखान्याची हजेरी आणि पगार लपवता येत नाही.

नमुना म्हणून एकच गाव घेतल्याची टोचणी मॅन यांनाही असावी. त्यांनी आणि कानिटकरांनी मग शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक निवडले आणि दुसरा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. पुण्यापासून लांब, कोरडवाहू गाव. हाताशी खडकी नाही. तिथल्या १४७ कुटुंबांपैकी २२ जणांचे भागत होते. भागत नसलेल्यांचे प्रमाण ८५ टक्के. दोन गावांची मोजणी एकाच हाताने आणि एकाच पट्टीने झालेली असल्यामुळे पट्टीत दोष असला तरी तो दोन्हीकडे सारखाच आहे. पासष्ट आणि पंच्याऐंशी यांतले अंतर म्हणून विश्वासार्ह ठरते. १७७१ आणि १९१४ यांतल्या अंतराबद्दल असे म्हणता येत नाही.

याच सुमारास, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. तुकडे जोडा, खाती मोठी करा, एका कुटुंबाचे भागेल इतकी जमीन म्हणजे किफायतशीर खाते, असा तेव्हाचा सूर होता. आंबेडकरांनी या व्याख्येच्या मुळावरच घाव घातला. कुटुंबाला किती लागते यावरून शेत किफायतशीर की नाही हे ठरत नाही, ते खाण्याचे माप झाले. त्या जमिनीवर किती भांडवल आणि किती हात कामाला आहेत, त्या प्रमाणावर शेताचा नफातोटा ठरतो. अवजारे आणि बैल तोकडे असताना खाते मोठे केले तर ते आणखीच तोट्यात जाईल. लहान खाती हे दुखणे नसून जमिनीवर साचलेल्या रिकाम्या हातांचे लक्षण आहे, आणि ते हात कारखानदारीकडे वळल्याशिवाय उतार पडायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. पिंपळे सौदागरचे ८ आणि २८ शेजारी ठेवून हा निबंध वाचावा. खडकीने त्या २८ घरांना जे दिले होते, तेच हा निबंध अख्ख्या देशासाठी मागत होता.

सरकारला मात्र तुकड्यांचीच चिंता राहिली. मुंबई कायदे कौन्सिलात १९२७ साली लहान शेतकऱ्यांसंबंधीचे विधेयक आले तेव्हा आंबेडकरांनी ऑक्टोबरात त्याला विरोध केला. चोहीकडून ओरड झाल्यावर ते बारगळले. १९४७ साली मुंबई प्रांताने तुकडेबंदी आणि तुकडेजोडचा कायदा केला.

१९६० साली योगायोगाने दोन पुस्तके आली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी कोट्सच्या लोणीची सव्वाशे वर्षांनंतरची स्थिती मांडली, आणि पां. द. डिस्कळकर यांनी मॅन यांच्या पिंपळे सौदागरची फेरपाहणी केली. तोवर पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला होता आणि कारखानदारीचा पट्टा गावाच्या वेशीशी येऊन ठेपला होता. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि जमीन तिथे चौरस फुटांत विकली जाते.

जिथे अजून शेती आहे तिथे तुकडेबंदीच्या कायद्याने जुन्या कागदाचा एक गुण परत आणला आहे. कायद्याने ठरवलेल्या प्रमाण क्षेत्राहून लहान वाटणी नोंदता येत नाही, म्हणून सात-बाऱ्यावर भावांची नावे समाईक राहतात आणि शेतात प्रत्येकाचा बांध वेगळा असतो. त्या सात-बाऱ्यांची गोळाबेरीज करून उद्या कोणी खातेदारामागची सरासरी काढली, तर त्यानेही आधी एकदा बांधावर जाऊन यावे.